विटीला विटी म्हणा

माझा स्वभाव तसा भांडखोर नाही. रिक्षावाल्यानं दोन रुपये जास्त मागितले तर मी देतो आणि घरी येऊन बोलतही नाही. पण वरणभातावर वाढलेला एखादा मराठी बाप आपल्या पोराला ‘बेटा, याला गिल्ली-डंडा म्हणतात’ असं शिकवायला लागला, की माझा हात आपोआप दांडू शोधू लागतो.

गैरसमज नको. हिंदीतल्या गिल्लीशी माझं वैर नाही. प्रेमचंदांनी ‘गुल्ली-डंडा’ नावाची कथा लिहिली, ती झकासच आहे. बंगालात डांगुली, कर्नाटकात चिन्निदांडू, नेपाळात डंडीबियो; ज्यानं त्यानं आपापल्या घरी बारसं केलेलं. आपल्या विदर्भातही गिल्ली म्हणतात, पण ती त्यांच्या आजोबांपासूनची गिल्ली. तिला मी बोट लावणार नाही. माझं भांडण आहे ते टीव्हीवरच्या हिंदी समालोचनातून घरात शिरलेल्या गिल्लीशी. स्टंपांवरच्या बेल्सना ते लोक गिल्लियाँ म्हणतात. म्हणजे क्रिकेटनं आमच्या खेळाचं नाव उसनं नेलं, आणि आम्ही ते क्रिकेटकडून भाड्यानं परत आणलं!

आणि विटी ही काही ऐरीगैरी नाही महाराज. महाभारताच्या आदिपर्वात कौरव-पांडवांची पोरं हस्तिनापुराबाहेर खेळत असताना त्यांची ‘वीटा’ विहिरीत पडते, आणि द्रोणाचार्य गवताच्या काड्या एकीत एक रोवून ती वर काढतात. सतराव्या शतकातले टीकाकार नीलकंठ चतुर्धर, जे आपल्या गोदाकाठच्या कोपरगावचे, ते स्वच्छ सांगतात की वीटा म्हणजे जवाच्या आकाराचा लाकडाचा तुकडा, मुलं हातभर दांड्यानं उडवतात तो. पण चित्रांच्या पुस्तकात बघावं तर विहिरीत चेंडू! भीमासारख्या पोराच्या हातातली विटी काढून घेऊन त्याला चेंडू देणारा चित्रकार प्रत्यक्ष भीमाला भेटायला हवा होता.

दुसरा एक वर्ग आहे, तो विटीदांडूला कौतुकानं ‘आपलं देशी क्रिकेट’ म्हणतो. हे म्हणजे आजीला ‘देशी नर्स’ म्हणण्यासारखं. अहो, क्रिकेटात चेंडू दुसरा टाकतो आणि तुम्ही मारता. इथं विटीच्या निमुळत्या टोकावर टिचकी मारून ती स्वतःच उडवायची आणि हवेत असतानाच टोला हाणायचा. हुकली तर पिचला नावं ठेवायची सोय नाही.

नावाचा एवढा अट्टहास कशाला, असं आमचे शेजारी विचारतात. त्यांना मी मोजायला सांगतो. वकट, लेंड, मूंड, नाल... पुढच्या आकड्यांवर गावागावांत मारामाऱ्या आहेत, त्या सोडा. पण हेच तेलुगूत म्हणा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कधीकाळी तेलुगू आकडे आपल्या धुळीत येऊन बसले आणि ज्यांना मराठी पाढे येत नव्हते ती पोरंसुद्धा कधी पायावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर विटी ठेवून बिनचूक तेलुगू मोजू लागली. भाषेवरून भांडणाऱ्या एकाही पुढाऱ्याला हे जमलेलं नाही. ‘स्कोअर किती?’ असं विचारलंत की हे सगळं गेलं. ‘कोलणं’ही गेलंच. गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूनं कोलायची असते हे ठाऊक नसलेल्या माणसाला साहेबाचा हुकूम कोलून लावण्यातली मजा काय कळणार?

‘पण डोळा फुटतो हो!’ असं मुलांच्या आया म्हणतात. हा आक्षेप मात्र खरा आहे. विटी डोळ्याला लागू शकते, आणि अशा दुखापती होतात. म्हणूनच या खेळाला मोकळं मैदान लागायचं आणि टोला बसला की सगळी पोरं मागं पळायची. आमच्या मागच्या मैदानात आता बावन्न मोटारी उभ्या असतात. त्यातल्या एकीच्या काचेवर विटी बसली तर पोराच्या डोळ्याहून जास्त आरडाओरडा होईल, हे त्या आयांनाही माहीत आहे. तेव्हा डोळ्याचं कारण पुढं करू नका. जागा मोटारींना दिली, असं सरळ म्हणा.

परवा एका दुकानात प्लॅस्टिकचा दांडू आणि प्लॅस्टिकची विटी पाहिली. खोक्यावर अर्थातच ‘गिल्ली-डंडा’. दुकानदाराला म्हटलं, ‘बाभळीची नाही का?’

तो म्हणाला, ‘काका, ही घरातसुद्धा खेळता येते. काही फुटत नाही.’

ती विटी मी काउंटरवर ठेवून टिचकीनं उडवून पाहिली. उडाली नाही.