सौरपंप लागले, त्यांना पाहणारा माणूस कोण घडवणार?

— ऊस विकास अधिकारी, जऊळका गट



पावसाळ्याच्या तोंडावर शेतकी खात्याच्या माणसाने आडसाली लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा यांवर लिहावे, ही आपली अपेक्षा रास्त आहे. या अंकात मात्र थोडा वेगळा विषय घेतो. विषय विजेचा आहे, पण शेवटी तो उसाच्या पाण्यापाशीच येऊन थांबतो.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना २०२४ साली आली. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकीचा भार केंद्र व राज्य सरकारचा. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. आपल्या गटातही बऱ्याच विहिरींवर पाट्या चमकू लागल्या. रात्रीच्या लाइटीसाठी साप-विंचवात बॅटरी घेऊन हिंडणे चुकले. योजना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या कोणी म्हणायचे, साहेबांना चांगले बघवत नाही.

पण यंत्र म्हटले की बिघाड आलाच. पाच वर्षे देखभाल पुरवठादाराकडे आहे, कागद तसा आहे. फोन केला की तक्रार नोंदली जाते. माणूस मात्र लांबच्या शहरातून यायचा. यंदा एप्रिलमध्ये एका सभासदाचा पंप कंट्रोलर बिघडून सोळा दिवस उभा राहिला. ऊस सुरू लागणीचा, दिवस फुटव्याचे. त्या उन्हात आठ-दहा दिवसांनी पाणी मिळालेच पाहिजे. फुटवे एकदा वाळले की पुढे कितीही खत ओता, उसाची संख्या भरून येत नाही. तो सभासद मला म्हणाला, "साहेब, सरकारनं पंप देल्ला, पन त्याले पाहनारा मानूस नाही देल्ला." मला यावर उत्तर नव्हते.

अशा वेळी आपण गावातला मोटार भरणारा मिस्त्री बोलावतो. तो त्याच्या कामात हुशार असतो, पण हे काम निराळे आहे. सूर्य आहे तोवर पाट्या वीज करीतच राहतात, त्यांना बटण नसते. ओळीने जोडलेल्या पाट्यांत काहीशे व्होल्टचा एकदिश प्रवाह असतो. चालू असताना जोड ओढला तर जी ठिणगी पडते ती घरच्या विजेसारखी चटकन विझत नाही. अर्थिंग नीट आहे का, वीजरोधक कुठे बसवला, पंप गाळाने अडकला की कंट्रोलर बिघडला, हे ओळखायला शिक्षण लागते. अंदाजपंचे केले तर पंपही जाईल आणि माणूसही.

शिक्षणाला पैसा नाही असे नाही. केंद्राचा 'सूर्यमित्र' कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला तो याच कामासाठी. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत, ६०० तासांचा अभ्यासक्रम, राहणे-जेवण सरकारी खर्चाने. पण अट काय? दहावी पास आणि वर आय.टी.आय. ग्रामीण तरुणांना, बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य, असेही त्यातच लिहिलेले. आता सांगा, ज्या पोराचे आई-बाप दसरा-दिवाळीला कोयता घेऊन गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात, त्याची दहावी कुठे व्हायची? प्राधान्य ज्याला द्यायचे तोच दारात अडतो. वाशिम जिल्ह्याला २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतले. ती आकांक्षा तांड्यापर्यंत पोचायची तर ही अट सैल करावी लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिकायला दहावी लागतेच, हेही मला पटत नाही. राजस्थानात तिलोनियाला १९७२ पासून चालणाऱ्या संस्थेत अक्षर न आलेल्या बायका, त्यांत आफ्रिकेतून आलेल्या आज्यासुद्धा, रंगांच्या खुणांवरून सौरदिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती शिकल्या. डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी तर पवईच्या आय.आय.टी.च्या मदतीने सौरदिवे जुळवता जुळवता पाट्या बनवणारी स्वतःची कंपनी उभी केली. आपल्या बाया काय कमी आहेत?

यात कारखान्याचा काय संबंध, असे काही सभासद विचारतील. विचारावेच. ऊसतोडणी यंत्रासाठी २०२३ साली राज्यात अनुदान योजना आली. किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांत कमी असेल ते. मजूर मिळत नाही, उचल बुडते, तेव्हा यंत्र हवेच. मी स्वतः त्याच्या बाजूचा आहे. पण एक यंत्र फडात उतरले की कित्येक कोयत्यांचे काम जाते. यंत्राला ३५ लाखांपर्यंत मदत, आणि ज्याचा कोयता खाली ठेवला गेला त्याच्या हाताला नवे काम शिकवायला काहीच नाही, हा हिशेब मला चुकीचा वाटतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये भरायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले आहे. तीन लाख टन गाळप धरा, ३० लाख झाले. हा पैसा आपल्या गाळपातून जातो. त्यातला काही भाग अशा प्रशिक्षणाच्या रूपाने परत मागायचा आपल्याला हक्क आहे.

नुसते अनुदान आणून मात्र भागणार नाही. अनुदानावरचे वर्ग आपण पुष्कळ पाहिले. बॅनर लागतो, फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळते आणि पोरगं पुन्हा पानठेल्यावर. म्हणून माझी सूचना अशी: वर्ग जून ते सप्टेंबर घ्यावा, तेव्हा मजूर घरी असतो आणि आपली तोडणी मजुरांची निवासस्थाने रिकामी पडलेली असतात. वीस जणांची तुकडी पुरे. कारखान्याच्या वीज विभागातल्या माणसांनी हाताने शिकवावे आणि सराव सभासदांच्याच पंपांवर व्हावा. दहावी नापासांना आधी सहायकाचा छोटा वर्ग. आणि रोजी! शिक्षण फुकट असले तरी निंदणीची रोजी बुडते. ती मिळाली नाही तर गरजूंपैकी कोणी येणार नाही, येतील ते ज्यांचे घरी भागते ते. शिकवणाऱ्या संस्थेचे शेवटचे पैसे प्रत्येक मुलाने ठरावीक पंप दुरुस्त करून दाखवल्यावरच द्यावेत. पुरवठादारांशीही बोलता येईल: पाच वर्षांची देखभाल तुम्हाला करायचीच आहे, ती आमच्या पोरांकडून करून घ्या, त्यांना मोबदला द्या.

सगळी भिस्त सरकारवर ठेवू नये, हेही तितकेच खरे. अमेरिकेत २०२४ साली गरीब घरांवर सौर ऊर्जा बसवणे व त्या कामाला माणसे तयार करणे यासाठी ७ अब्ज डॉलर मंजूर झाले होते. सरकार बदलले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते रद्द झाले. आपला वाटा थोडा का होईना, पण आपला असला म्हणजे वर्ग मध्येच बंद पडत नाही.

'दुसऱ्याच्या पोरांवर कारखान्याचा पैसा कशाला,' असे मागे एका बैठकीत ऐकले. त्यांना एवढेच विचारतो, सोळा दिवस पंप बंद पडला तो कोणाच्या उसाचा होता?

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय ठेवावा, अशी विनंती शेतकी खात्यातर्फे संचालक मंडळाला केली आहे. सभासदांनी आपल्या गावातील व तांड्यावरील अठरा ते पस्तीस वयाच्या मुला-मुलींची नावे पोळ्याच्या आत जऊळका गट कार्यालयात किंवा आपल्या स्लिपबॉयकडे द्यावीत. शिक्षण किती झाले ते लिहावे. झालेच नसेल तर तसे लिहावे. बंद पंपांचीही तारखेसह नोंद द्यावी, म्हणजे सभेत बोलताना दोन्ही याद्या हाती राहतील.