वल्हांडणाच्या पंगतीतील अवघड प्रश्न

इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या मुक्ततेची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या वल्हांडणाच्या (पेसाह) रात्री ज्यू घरातील सर्वांत धाकटे मूल चार प्रश्न विचारते. आजच बेखमीर भाकरी का, कडू भाजी का, ती दोनदा का बुडवायची आणि टेकून का बसायचे? उत्तरादाखल ‘हगादा’ या ग्रंथाचे वाचन होते. वरवर पाहता ही मुलांना धर्म शिकविण्याची युक्ती वाटते. प्रत्यक्षात या पंगतीत खरा वाद झडतो तो प्रौढांमध्ये आणि त्याचा विषय भाकरी नसून ‘आपण कोण?’ हा असतो.

२०२४ च्या वल्हांडणात हे ठळकपणे दिसले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने ओलीस नेलेल्यांसाठी इस्रायलमध्ये आणि बाहेरही अनेक घरांत एक खुर्ची रिकामी ठेवण्यात आली. त्याच सणात, २३ एप्रिलला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सिनेटर चक शूमर यांच्या निवासस्थानाजवळ युद्धविरोधी ज्यूंनी भर रस्त्यात सणाची पंगत मांडली. इस्रायलला शस्त्रे देऊ नका, अशी त्यांची मागणी होती. ग्रंथ एकच, प्रश्नही तेच. पण मुक्ती कोणाची, याची उत्तरे दोन.

परंपरेला हा वाद परका नाही. घरात विचारणारे मूल नसेल तर पत्नीने विचारावे, तीही नसेल तर माणसाने स्वतःलाच विचारावे, आणि दोन पंडित एकत्र बसले असतील तर त्यांनीही एकमेकांना विचारावे, असे तालमूद सांगते. म्हणजे उत्तर ठाऊक असले तरी प्रश्न चुकत नाही. खुद्द प्रश्नही बदलत आले आहेत. मिश्नातील चारांपैकी एक प्रश्न भाजलेल्या मांसाविषयी होता. जेरुसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झाले, बळी थांबले. पुढे त्या प्रश्नाची जागा टेकून बसण्याच्या प्रश्नाने घेतली.

प्रौढांनी नव्याने शिकायला बसण्याचा आधुनिक प्रयोग फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांनी १९२० मध्ये फ्रँकफुर्ट येथे केला. ते स्वतः एकदा ख्रिस्ती होण्याच्या उंबरठ्यावरून परतले होते. धर्मापासून दुरावलेल्या सुशिक्षितांना त्यांच्या शंकांसह आत घेणारी ही पाठशाळा होती. १९६९ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या पहिल्या स्मृतिदिनी, आर्थर वास्को यांनी वॉशिंग्टनमधील एका चर्चमध्ये ‘मुक्तीची पंगत’ भरविली आणि कृष्णवर्णीयांचा लढा हगादात आणला. ब्रुकलिनचे मूळ तेथे आहे.

पंगतच या वादाचे व्यासपीठ का ठरते, याचे उत्तर अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या पाहणीत मिळते. महिन्यातून किमान एकदा प्रार्थनास्थळी जाणारे ज्यू २० टक्के. वर्षभरात वल्हांडणाच्या पंगतीत बसलेले मात्र ६२ टक्के. श्रद्धा क्षीण झाली तरी नाळ तुटत नाही. पण मग ज्यू कोणाला म्हणायचे? धर्मशास्त्र आईचा वंश पाहते. इस्रायलचा १९५० चा परतीचा कायदा मात्र १९७० च्या दुरुस्तीनंतर ज्यू आजा वा आजी असलेल्यालाही प्रवेशाचा हक्क देतो. परिणामी नागरिक असूनही धर्मपीठाच्या लेखी ज्यू नसलेले हजारो लोक त्या देशात आहेत आणि तेथे त्यांना ज्यू विधीने विवाह करता येत नाही.

या प्रश्नाचे चटके मराठी माणसांनीही सोसले आहेत. कोकणातील बेने इस्रायल समाजासाठी मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला होता. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत साडीतील स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. तरीही हा समाज इस्रायलला गेल्यावर, १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाच्या चौकशीची अट घातली. प्रदीर्घ आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायली संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू आहेत, असे बजावले तेव्हा कोठे धर्मपीठ नमले. पिढ्यान्‌पिढ्या सण पाळणाऱ्यांनाच ‘तुम्ही आमचे का?’ असे विचारले गेले होते.

हगादात चार पुत्र येतात : शहाणा, दुष्ट, भोळा आणि विचारताच न येणारा. ‘या साऱ्याचा तुम्हांला काय उपयोग?’ असे विचारून स्वतःला वेगळा काढणारा तो दुष्ट. त्याला खडसावले जाते. पण त्याचे पान मांडलेले असते, हे महत्त्वाचे. आज ज्यू समाजातील दोन्ही बाजू एकमेकांना त्याच नावाने संबोधत आहेत. शंका घेणाऱ्याला पंगतीतून उठविणे सोपे असते. मात्र तसे केले, की उरतो तो ज्याला विचारताच येत नाही असा चौथा पुत्र, आणि केवळ त्याच्या बळावर कोणतीही परंपरा टिकत नाही.