पोटनियम वाचा म्हणतात. पण ते लिहितो कोण?

घर विकत घेणाऱ्याने सौदा पुरा करण्यापूर्वी सोसायटीचे पोटनियम डोळ्यांत तेल घालून वाचावेत, आणि न वाचता सही केली असेल तर परिणाम मुकाट्याने भोगावेत, असा उपदेश बांधकामधंद्याचे हितचिंतक आणि बिल्डरांच्या जाहिरातींवर पोसलेल्या वृत्तपत्रांच्या पुरवण्या अखंड करीत असतात. सल्ला म्हणून त्यात वावगे काही नाही. आयुष्याची पुंजी आणि पुढील वीस वर्षांचा पगार गहाण टाकणाऱ्याने कागद वाचलेच पाहिजेत. परंतु या सल्ल्याच्या आडून एक सिद्धान्त गळी उतरवला जातो. तो असा की, करार हा दोन स्वतंत्र व समान पक्षांचा व्यवहार असून सही झाली की अन्यायही न्याय ठरतो. हा सिद्धान्त साफ खोटा आहे.

ही समानता कसली? एका बाजूला जमीन, भांडवल, वकिलांचा ताफा आणि छापील मसुदा. दुसऱ्या बाजूला कर्जाचा हप्ता आणि चालू घराचे भाडे एकाच वेळी भरणारा नोकरदार. मसुद्यातील एक शब्द बदलण्याचेही स्वातंत्र्य त्याला नाही. घे किंवा सोड, एवढेच त्याचे स्वातंत्र्य!

सर्वोच्च न्यायालयालाही हे अंशतः मान्य करावे लागले आहे. गुरगावच्या एका प्रकल्पातील करारानुसार ग्राहकाचा हप्ता थकला तर बिल्डर १८ टक्के व्याज घेणार होता. बिल्डरने घर दिले नाही तर ग्राहकाच्या पैशावर मात्र ९ टक्के. असा एकतर्फी करार, ज्यावर सही करण्यावाचून ग्राहकाला गत्यंतर नव्हते, त्याच्यावर बंधनकारक ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. ‘वाचून सही केली ना?’ या प्रश्नाला हे चोख उत्तर आहे.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने काही हक्क दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. नोंदणीकृत करार केल्याविना किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला बंदी आहे. विक्रीकराराचा मसुदा त्याने प्राधिकरणापुढे आधी ठेवावा लागतो. फसवल्या गेलेल्या हजारो कुटुंबांच्या रेट्याचे हे फळ आहे. पण ज्या नियमांखाली माणसाला पुढे जगायचे आहे, त्यांचे काय? सोसायटी वा संघ स्थापन होतो तो बहुसंख्य घरांची नोंदणी झाल्यानंतर. तोवर देखभालीचा ठेका आणि सामायिक जागांचा वापर बिल्डरने आपल्या सोयीने ठरवलेला असतो. इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावरील वाहनतळ बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सांगण्यासाठी २०१० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करणे बिल्डरवर बंधनकारक केले. तरीही २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची दुरुस्ती करावी लागली. बिल्डर कायदा पाळत नव्हते, याची ही सरकारनेच दिलेली कबुली होय.

पैशाच्या प्रश्नाहून गंभीर प्रश्न आहे तो माणसाच्या निवडीचा. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीने फक्त पारशांनाच सभासदत्व देणारा पोटनियम केला होता. सभासदाला आपली मालमत्ता बाहेरच्यास विकायची होती. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. परंतु २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नियम मान्य करूनच सभासद आत आला, तो कायद्याविरुद्ध नाही आणि संघटना स्थापण्याचा हक्क घटनेनेच दिला आहे, असा युक्तिवाद उचलून धरला गेला. पारशी समाज अल्पसंख्य आहे, हे खरे. पण या निकालाचे हत्यार बहुसंख्याकांच्या आणि धनिकांच्या हाती गेल्यावर काय होते, ते प्रत्येक महानगरात दिसते. १८४४ मध्ये रॉचडेलच्या कष्टकऱ्यांनी ज्या सहकाराचा पाया घातला, त्याच्या मूळ तत्त्वांत खुले सभासदत्व आहे. त्याच सहकाराच्या नावाने जातीधर्माच्या भिंती उभ्या राहाव्यात, हा केवढा दैवदुर्विलास!

भांडवलशाहीच्या माहेरघरीही या प्रश्नाचे वेगळे उत्तर निघाले. अमेरिकेत काळ्यांना घर विकू नये अशी कलमे खरेदीखतांत सर्रास असत. १९४८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, करार खाजगी असला तरी न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करणे म्हणजे खुद्द राज्यसंस्थेने भेदभाव करणे होय. १९६८ मध्ये, मोठ्या जनआंदोलनानंतर, घराच्या व्यवहारातील भेदभावास कायद्याने बंदी आली. तेथील वर्णद्वेष त्याने संपला नाही. पण पीडिताच्या हाती कायदा तरी आला.

आपल्याकडे ‘शाकाहारी कुटुंबच हवे’ ही अट पुष्कळदा कागदावरही नसते. मुसलमान, दलित, एकटी राहणारी नोकरदार स्त्री यांना नकार तोंडीच मिळतो. न लिहिलेला नियम घर घेणाऱ्याने वाचावा कसा? मुंबईत मांसाहारी मराठी माणसाला घर नाकारले की भाषिक अस्मितेचे ठेकेदार गर्जना करतात. मुसलमानाला नाकारले की त्यांची वाचा बसते. भाषेच्या नावाने केलेला अर्धवट विरोध भेदभावाचे मूळ शाबूत ठेवतो.

आणि ज्यांनी कधीच सही केलेली नसते, त्यांचे काय? घरकामगार स्त्रियांनी कोणत्या उद्वाहनाने चढावे, बागेतल्या बाकावर बसावे की नाही, फाटकावर पिशवी उघडून दाखवावी की नाही, हे ठरवणाऱ्या सभेत त्यांना मत नाही. त्यांना पोटनियम दाखवलेही जात नाहीत; फक्त लागू केले जातात. करारस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते याला काय नाव देणार आहेत?

म्हणून पोटनियम वाचावेतच. पण त्यांचे गुलाम होण्यासाठी नव्हे. घर घेणाऱ्याने पोटनियम, सर्वसाधारण सभेचे ठराव, हिशेबतपासणीचा अहवाल, थकबाकीचा दाखला आणि जमिनीच्या मालकीचा कागद आधी मागावा. घर भाड्याने दिल्यास ना-वहिवाट शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक लावता येत नाही, हा महाराष्ट्र शासनाचा २००१ चा आदेश आहे. तो ठाऊक असावा. आणि एकदा आत गेल्यावर सर्वसाधारण सभा मूठभरांच्या हाती सोडू नये.

परंतु एकेकट्याच्या जागरूकतेने व्यवस्था बदलत नाही. पोटनियमांचा मसुदा पहिली रक्कम घेण्यापूर्वीच ग्राहकाच्या हाती देणे सक्तीचे व्हावे. धर्म, जात, लिंग वा आहार यांवरून घर नाकारणे हा देशभर दंडनीय गुन्हा ठरावा. कामगारांचा अवमान करणारा नियम निबंधकाने रद्द करावा, या मागण्या संघटितपणे पुढे रेटल्या पाहिजेत. हजारो कार्यकर्ते आणि सहानुभूतीदार अशा सोसायट्यांतच राहतात. लढ्याची पहिली जागा त्यांच्या जिन्याखालच्या सूचनाफलकापासूनच सुरू होते.