पदार्थ तोच, गुण मांडणीचा

पदार्थाचे विद्युतचुंबकीय गुणधर्म एरवी त्याचे अणू-रेणू ठरवतात. मेटामटेरियलमध्ये ते काम माणसाने घडवलेली रचना करते. धातूच्या तारा, पट्ट्या किंवा कडी ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा मांडलेली असतात. प्रत्येक घटक येणाऱ्या लहरीच्या तरंगलांबीहून बराच लहान असला, की ती सगळी मांडणी लहरीपुरती एकसंध पदार्थासारखी वागते.

या कल्पनेचे एक मूळ कोलकात्यात आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पीळ दिलेला ताग अतिलघु रेडिओलहरींच्या वाटेत ठेवला. लहरींचे ध्रुवण-प्रतल, म्हणजे त्यांच्या कंपनाचे प्रतल, फिरले. पीळ उलटा दिल्यावर ते उलट दिशेने फिरले. साखरेच्या द्रावणातले रेणू प्रकाशाचे जे करतात, तेच इथे नुसत्या पिळाने केले. मेटामटेरियलच्या इतिहासात या प्रयोगाची जागा तळटिपेत नाही, पहिल्या पानावर आहे.

१९६७ मध्ये सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर वेसेलागो यांनी ऋण अपवर्तनांकाचे गणित मांडले. अशा पदार्थात शिरणारा किरण नेहमीच्या उलट बाजूला वळतो. त्यासाठी विद्युत आणि चुंबकीय, दोन्ही प्रतिसाद ऋण लागतात. तसा नैसर्गिक पदार्थ हाती नव्हता. जॉन पेंड्री यांनी १९९० च्या दशकात तोडगा सुचवला: विद्युत प्रतिसादासाठी बारीक तारा, चुंबकीय प्रतिसादासाठी फट ठेवलेली कडी. लहरीचे चुंबकीय क्षेत्र कड्यात प्रवाह खेळवते आणि फटीपाशी प्रभार साठतो. कड्याच्या अनुस्पंदनाच्या, म्हणजे त्याच्या स्वाभाविक वारंवारतेच्या, थोड्या वरच्या वारंवारतेला हा प्रवाह क्षेत्राच्या विरोधात जातो. २००१ मध्ये सॅन डिएगोच्या संशोधकांनी सर्किट बोर्डावर तांब्याची अशी कडी आणि पट्ट्या बसवून मायक्रोवेव्ह खरोखरच उलट वळवून दाखवल्या.

२००६ मध्ये ड्यूक विद्यापीठात एका तांब्याच्या नळकांड्याभोवती असेच कवच रचले गेले. त्याला वळसा घालून मायक्रोवेव्ह पुढे गेल्या आणि ‘अदृश्यतेचा झगा’ म्हणून तो प्रयोग जगभर गाजला. ही प्रसिद्धी विषयाला न्याय देणारी नाही. ते कवच ८.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच काम करत होते, आणि सावली पुरती पुसलीही गेली नव्हती. अनुस्पंदनावर चालणारी रचना अरुंद पट्ट्यातच चालते. दृश्य प्रकाशासाठी घटक मायक्रॉनहून कितीतरी लहान घडवावे लागतात, शिवाय धातू प्रकाश शोषतो. माणसाला दिवसाउजेडी लपवण्याचे आश्वासन म्हणूनच देऊ नये.

खरा उपयोग अँटेनात आहे. उपग्रहाशी संपर्क ठेवणाऱ्या काही सपाट अँटेनांत प्रत्येक घटकाचा प्रतिसाद विजेने बदलता येतो. तबकडी न फिरवता लहरींचा झोत हव्या त्या दिशेला वळतो.