नोंद धुऱ्यावरच खरी हवी

राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद केली. त्याच वर्षी कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. सातबारा, पीक पाहणी, पाऊस, माती, विमा, बँक खाते हे सारे एकत्र जोडायचे आणि त्याच्या आधारे शेतकऱ्याला वेळेवर सल्ला व मदत द्यायची, असा हा बेत आहे. वाशिमसारख्या कोरडवाहू, सोयाबीन-तुरीच्या जिल्ह्याला त्यातून नेमके काय मिळेल, हे निधी खर्ची पडण्याआधीच तपासले पाहिजे. आमचे मत असे की जोडणी हवीच. मात्र माहिती साठवण्यावर पैसा ओतण्याआधी ती जिथे जन्मते त्या धुऱ्यावर आणि चुकलेली नोंद जिथे दुरुस्त होते त्या टेबलावर तो खर्च व्हायला हवा.

जोडणीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आला. देशातल्या 112 जिल्ह्यांपैकी महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि वाशिम. आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी, बँकसेवा आणि पायाभूत सोयी यांच्या 49 निर्देशांकांवर जिल्ह्याची प्रगती दरमहा मोजली जाऊ लागली. वर्षअखेरच्या अहवालात हरवणारे आकडे महिन्याच्या महिन्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर येऊ लागले, हा लाभ लहान नाही. हवामान-अनुकूल शेतीच्या पोकरा योजनेत 15 जिल्ह्यांच्या यादीत वाशिम होता. तिथे आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आली आणि शेततळे कुठे, बांध कुठे, याची चर्चा पडलेल्या आणि मुरलेल्या पाण्याच्या हिशेबावर होऊ लागली. 2023 च्या खरिपात सुरू झालेल्या एक रुपयात पीक विम्यात शासकीय आणि अकृषक जमिनींवरचेही अर्ज निघाले. भूमी अभिलेख आणि विम्याचे अर्ज पहिल्या दिवसापासून एकमेकांशी ताडले गेले असते, तर हा गैरप्रकार दारातच अडला असता. म्हणून माहिती जोडण्याचा विचार मोडीत काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

पण माहिती साठवण्याच्या या धंद्याचा इतिहासही समोर ठेवायला हवा, कारण आश्वासनांची भाषा दर दहा वर्षांनी तीच राहते आणि नाव तेवढे बदलते. 1992 मध्ये बिल इनमन यांचे डेटा वेअरहाउसवरचे पुस्तक आले आणि सगळी माहिती एका कोठारात आणली की निर्णय आपोआप सुधारतील, असा समज कंपन्यांमध्ये रुजला. पुढे बिग डेटाचे दशक आले. 2008 मध्ये गूगलने लोकांच्या शोधशब्दांवरून फ्लूची साथ ओळखण्याचा प्रयोग सुरू केला. 2012-13 च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज प्रत्यक्ष रुग्णभेटींच्या जवळपास दुप्पट निघाला आणि 2015 मध्ये तो बंद झाला. माहिती अफाट होती, पण ती नेमके काय मोजते याची खातरजमा कच्ची होती. अवाढव्य माहिती हाताळणाऱ्या हडूप या तंत्रावर उभ्या राहिलेल्या बड्या कंपन्यांपैकी क्लाउडेरा आणि हॉर्टनवर्क्स 2019 मध्ये एक झाल्या आणि मॅपआर त्याच वर्षी विकली गेली. गूगलच्या बिगक्वेरी या यंत्रणेच्या उभारणीत असलेले जॉर्डन टिगानी यांनी 2023 मध्ये उघडपणे लिहिले की बहुतेक ग्राहकांकडे 'बिग' म्हणावा इतका डेटा नव्हताच. महागडी यंत्रणा घेणाऱ्यांपैकी अनेकांचे काम साध्या संगणकावर भागले असते.

आपल्याकडचा धडा याहून जवळचा आहे. 2017 ची शेतकरी कर्जमाफी आठवा. 89 लाख शेतकऱ्यांना 34 हजार कोटींचा दिलासा जाहीर झाला, अर्ज ऑनलाइन मागवले गेले, आणि याद्या बँकांकडे पोहोचल्या तेव्हा एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली. साठवणीची जागा कुठे कमी पडली नव्हती. अर्जातली माहिती आणि बँकेच्या वहीतली माहिती यांचा मेळ बसत नव्हता, आणि तो बसवायला गावपातळीवर कुणी नेमलेला नव्हता. सेवा केंद्रासमोर रांगेत दिवस मोडला तो कास्तकाराचा.

वाशिमच्या वावरात उतरून पाहिले की हाच प्रश्न आणखी स्पष्ट होतो. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. पूर्वीपेक्षा हे नक्कीच मोठे पाऊल आहे. पण एका मंडळात कितीतरी गावे येतात आणि पावसाळी ढग मंडळाची शीव पाळत नाही. अतिवृष्टी मानायला 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस लागतो. मंडळाच्या केंद्रावर 60 मिलिमीटर नोंदले गेले आणि आठ-दहा किलोमीटरवरच्या शिवारात सोंगून ठेवलेले सोयाबीन वाहून गेले, तर यंत्र खोटे बोलत नाही आणि शेतकरीही खोटे बोलत नाही. मोजमापाची जाळी विरळ आहे, एवढेच खरे. हीच गोष्ट मातीची. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत कोरडवाहू भागासाठी दहा हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घ्यायचा नियम होता. म्हणजे पंचवीस एकरांत एक. त्या पंचवीस एकरांत एकाची काळी भारी जमीन आणि शेजाऱ्याची बरड असू शकते. दोघांच्या पत्रिकेवर एकच आकडे आले, तर खताचा सल्ला निदान एकाचा तरी चुकतो. असे लाखो आकडे एका प्रणालीत भरले म्हणून त्यांतली चूक धुऊन निघत नाही. उलट तिला अधिकृतपणा चढतो.

या प्रश्नाचा खोल विचार दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी स्वातंत्र्याच्या आसपासच करून ठेवला आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. नमुन्याचा तुकडा फार लहान घेतला की कडेवरची झाडे आत ओढली जातात आणि उत्पादन वाजवीपेक्षा जास्त दिसते, हे सुखात्म्यांनी दाखवून दिले. यावरून महालनोबिसांसारख्या दिग्गज संख्याशास्त्रज्ञाशी त्यांचा मतभेद झाला. त्या वादाचे मोल आजही आहे. शेत चिठ्ठीने निवडले असेल, तुकडा नियमाने आखला असेल आणि वजन सर्वांसमोर झाले असेल, तर थोडे प्रयोगही खरे सांगतात. दोरी कुठे धरली यातच घोळ असेल, तर कितीही प्रयोग तीच चूक पुन्हा करतात. आज विम्याच्या उत्पादन अंदाजात उपग्रहाधारित पद्धतीला किमान 30 टक्के भार देण्याचे धोरण केंद्राने आणले आहे. भात-गव्हापासून सुरू झालेली ही पद्धत आता सोयाबीनपर्यंत आली आहे. ते योग्यच आहे, कारण कापणी प्रयोगावर स्थानिक दबाव येतो हे कुणी नाकारणार नाही. पण उपग्रहाचा अंदाज पारखायचा तरी कशावर? शेवटी त्याच कापणी प्रयोगावर. तो प्रयोग ढिला पडला, तर आकाशातला डोळाही अधूच राहील.

दुसऱ्या टोकाचा मोहही टाळला पाहिजे. 'जुनी पद्धत बरी होती' असे म्हणणाऱ्यांनी गाव नमुना बारा कसा भरला जायचा ते आठवावे. अनेक गावांत वावर न पाहता गेल्या वर्षीचेच पीक पुढे ओढले जाई. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने आपल्या पिकाची नोंद फोटोसह करण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या हाती दिला. हा बदल मागे फिरवू नये. पण शिवारात रेंज नसणे, नकाशातला गट प्रत्यक्षाशी न जुळणे, म्हाताऱ्या बाईकडे तसला फोन नसणे, या अडचणी खऱ्या आहेत. आणि ठेक्याने किंवा बटईने कसणाऱ्याचे काय? ओळख क्रमांक सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. बियाणे, खत आणि उसनवारीचा भार वाहणारा माणूस त्या नोंदीत दिसतच नाही. जो नोंदीत नाही तो मदतीतही नाही, आणि प्रणाली जितकी घट्ट जोडली जाईल तितका तो अधिक बाहेर ढकलला जाईल. आकांक्षित जिल्ह्याच्या क्रमवारीतही नोंदीच्या खरेपणाचा एक पेच आहे. आकडे बहुतांशी जिल्ह्यानेच भरायचे आणि त्यांवरच जिल्ह्याचा क्रमांक लागायचा. म्हणूनच नीती आयोगाला स्वतंत्र सर्वेक्षणांची जोड द्यावी लागली. ही जोड प्रत्येक मोठ्या माहितीप्रणालीला हवी.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमच्या मागण्या अशा. पहिली, नव्या धोरणाच्या निधीतला ठरलेला वाटा मोजमापावर खर्च व्हावा: पर्जन्यमापक मंडळाऐवजी ग्रामपंचायतीपर्यंत यावेत, कापणी प्रयोगांची तारीख आणि जागा गावात आधी जाहीर व्हावी, आणि आलेले वजन त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. दुसरी, दरवर्षी चिठ्ठीने निवडलेल्या काही गावांत नोंदी प्रत्यक्ष वावराशी ताडून पाहाव्यात आणि चुकांचे प्रमाण प्रसिद्ध करावे. तिसरी, चुकीची नोंद किती दिवसांत आणि कुणी दुरुस्त करायची हे तालुकानिहाय, पदनिहाय ठरावे. रिसोड तालुक्यातल्या शेतकऱ्याला दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईच्या हेल्पलाइनवर अवलंबून राहावे लागू नये. चौथी, पुरवठादार कंपनीचे देयक साठवलेल्या नोंदींच्या संख्येवर न ठरता त्यांच्या अचूकतेवर ठरावे. आणि पाचवी, कसणाऱ्याची नोंद मालकीहक्काला धक्का न लावता करण्याची तरतूद शोधावी. हे अवघड आहे, तरी टाळता येणार नाही.

यातल्या बहुतेक कामांना नवे तंत्रज्ञान लागत नाही. माणसे लागतात, त्यांना वेळ लागतो आणि त्यांच्या कामावर लक्ष लागते. सहायक कृषी अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी यांच्याकडे गावांचा अतिरिक्त भार ठेवून वर एआयचा मजला चढवणे हा राज्याचा अग्रक्रम असू नये. वाशिमने 2018 पासून दरमहा आकडे दिले आहेत. आता सरकारने आपल्या आकड्यांची अचूकता दरवर्षी वाशिमसमोर मांडावी. तेवढे झाले, तर या 500 कोटींचे आम्ही मनापासून स्वागत करू.