निवृत्त सैनिक आणि आपलें कर्तव्य

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत जवान नोकरी पुरी करून गांवीं परतला म्हणजे त्याची वाजतगाजत मिरवणूक काढण्याची चाल अलीकडे पडली आहे. वेशीवर सुवासिनी ओंवाळतात, सरपंच शाल-श्रीफळ देतात, वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें. ही चाल स्तुत्य आहे; ती मोडावी असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु मांडव उतरल्यावर त्या माणसाचें पुढें काय होतें याची चौकशी करण्याची चाल आपल्यांत अद्याप पडलेली नाहीं, आणि आमच्या मतें सैनिकाविषयींच्या आपल्या आदराची खरी कसोटी तेथेंच आहे.

भारताच्या तिन्ही दलांतून दर वर्षीं सुमारें ६० हजार माणसें निवृत्त होतात. त्यांतील बहुतेक जवानांचें वय पस्तीस ते चाळिशीच्या आसपास असतें. ज्या वयांत इतर माणूस धंद्यांत नुकता स्थिरावतो, त्या वयांत याची नोकरी संपते. पंधरा-सतरा वर्षें ज्याचें उठणें, जेवणें, निजणें, फार काय केस कापणेंदेखील हुकुमाप्रमाणें चाललें, त्यास एके सकाळीं हुकूम देणारा कोणी उरत नाहीं. घरांतही गोष्ट सोपी नसते. वर्षाकाठीं दोन महिन्यांच्या रजेवर येणारा बाप मुलांना पाहुण्यासारखा असतो. शेत, शाळा, दवाखाना, सासू-सासरे हा सर्व भार पत्नीनें एकटीनें वाहिलेला असतो. आतां आपण आलों म्हणजे कारभार आपल्या हातीं येणारच, असें तो धरून चालतो आणि तेथेंच पहिली ठिणगी पडते. यांत दोष कोणाचाच नाहीं. पण दोघांनाही समजावून सांगणारें तिसरें माणूस जवळ नसल्यामुळें ठिणगीचा वणवा होण्यास वेळ लागत नाहीं.

याखेरीज कित्येकांनीं आपले सोबती डोळ्यांदेखत पडलेले पाहिलेले असतात. सीमेवरील गोळाबार, हिमनदीवरील थंडी, अहोरात्र सावध राहण्याची संवय, यांचा परिणाम शरीर घरीं पोंचल्यानें नाहींसा होत नाहीं. फटाका वाजतांच छाती धडधडणें, रात्र रात्र डोळा न लागणें, क्षुल्लक कारणावरून संताप येणें, माणसांतून उठून एकटें बसणें, हीं लक्षणें भेकडपणाचीं नव्हत आणि कोणाच्या करणीचींही नव्हत. पहिल्या महायुद्धांतील सैनिकांच्या अशा विकाराचें वर्णन चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां तो तोफगोळ्याच्या धक्क्याचा परिणाम समजला जाई. त्याच युद्धांत ब्रिटिश सैन्यानें पलायन व भ्याडपणा अशा आरोपांवरून आपल्याच तीनशेंहून अधिक माणसांस गोळ्या घातल्या. त्यांतील कित्येक मनानें खचलेलीं होतीं, हें पुढें लोकांस उमगलें. १९८० सालीं अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें आघातानंतरच्या या तणावास विकारांच्या आपल्या अधिकृत यादींत स्थान दिलें. शास्त्रशुद्ध समुपदेशनानें व जरूर तेथें औषधानें यांत पुष्कळ उतार पडतो. असें असतां आपल्याकडे काय होतें? डोकें फिरल्याचा शिक्का बसेल या भयानें घरचीं माणसें गोष्ट झांकतात, कोणी देवऋषी गांठतें, आणि तो स्वतः बाटली जवळ करतो. लष्करी कॅन्टीनमध्यें माजी सैनिकाचा मद्याचा वांटा ठरलेला आहे. मन मोकळें करण्यास जाणता माणूस मात्र त्यास तितक्या सहजपणें मिळत नाहीं.

शरीराच्या जखमेविषयीं आपण फार पूर्वींच शहाणपण दाखविलें आहे. जायबंदी सैनिकांस धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ सालीं, महायुद्ध चालू असतांनाच, निघाली. ती आज खडकीस आहे. मणक्यास इजा होऊन लुळे पडलेल्या जवानांसाठीं खडकीसच १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अपंग झाले, उपचार म्हणून पोहूं लागले, आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें त्यांनीं भारतास पॅरालिंपिकमधील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. तुटलेल्या शरीरास योग्य वेळीं आधार मिळाला तर काय घडतें याचें हें उदाहरण आहे. मग खचलेल्या मनासच आपण तो आधार कां नाकारावा?

कोणी म्हणतील, सरकार निवृत्तिवेतन देतें, २०१५ सालीं वन रँक वन पेन्शन जाहीर झालें, २००३ पासून माजी सैनिकांसाठीं वेगळी आरोग्य योजना आहे, आणखी काय पाहिजे? निवृत्तिवेतनानें चूल पेटते, पण दिवस कसा घालवावा हें तें सांगत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, फौजी गडी परक्यापुढें रडगाणें गाणार नाहीं. हें खरें आहे, आणि म्हणूनच प्रथम त्याच्याशीं बोलणारा माणूस त्याच्याच पलटणींतला, त्याचीच भाषा जाणणारा असावा. डिसेंबर २०२३ मध्यें पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत लष्करी माणसें व त्यांचे कुटुंबीय यांसाठीं टेली-मानसचा स्वतंत्र कक्ष उघडण्यांत आला. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर कोणासही विनामूल्य सल्ला मिळतो. पण तो क्रमांक फिरविण्याचा धीर देणारा सोबती गांवांतच लागतो.

हा प्रश्न आतां लांबणीवर टाकतां येणार नाहीं. जून २०२२ मध्यें अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हां चार वर्षांनंतर फार तर शेंकडा पंचवीस जणांस कायम करावें व बाकीच्यांस सुमारें ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधि देऊन, निवृत्तिवेतनावांचून, घरीं पाठवावें असें ठरलें. म्हणजे यापुढें आपल्या दारीं येणाऱ्यांत ऐन पंचविशींतील तरुणही असतील.

आमच्या व्यापारी बंधूंस येथें स्पष्ट विचारावेंसें वाटतें. ज्यानें शेंकडों माणसांचा शिधा व सामान चोख राखलें, वाहनें दुरुस्त केलीं, बिनतारी संदेश सांभाळले, त्यास आपण काय देतों? दारांतील खुर्ची व एक काठी. पहाऱ्याचें काम हलकें नव्हे. परंतु गुदाम, हिशेब, वाहतूक येथें जो उपयोगी पडेल त्यास दारांत बसविणें हा आपलाच तोटा आहे. परतलेला सैनिक समाजास काय देऊं शकतो हें पाहावयाचें असेल तर गोपाळबाबा वलंगकरांकडे पाहावें. १८८६ सालीं लष्करांतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली, आणि महाराष्ट्रांतील त्या चळवळीचे ते अग्रदूत ठरले.

यास्तव आम्ही चार गोष्टी सुचवितों. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत एक शिकलेला समुपदेशक असावा व त्यानें तालुक्याच्या गांवीं बाजारच्या दिवशीं बसावें. निवृत्त सुभेदार-हवालदारांतून निवडक माणसांस शिक्षण देऊन त्यांजकडे गांवें वांटून द्यावीं. निवृत्तीपूर्वींच्या मार्गदर्शनांत पत्नीसही बोलवावें, कारण संसार दोघांचा आहे. आणि व्यापारी मंडळांनीं माजी सैनिकांस हुन्नराप्रमाणें काम व उपचारासाठीं विनातक्रार रजा देण्याचा ठराव करावा.

दर वर्षीं ७ डिसेंबरला, १९४९ पासून चालत आलेल्या ध्वजदिनीं, आपण डबींत पैसे टाकतों व छातीवर इवलासा ध्वज लावतों. येत्या ध्वजदिनीं वाचकांनीं आणखी एक करावें. आपल्या आळींतील निवृत्त जवानाच्या घरीं जावें, चहा घ्यावा, आणि युद्धाच्या गोष्टी न विचारतां, तो सध्यां कसा आहे एवढेंच विचारावें.