ऋणाची निर्जरा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील उत्पन्नाला ऋतू असतो. दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येऊ लागतो, वेचण्या जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि वणी, पांढरकवडा, दारव्हा, दिग्रस, पुसद या बाजारपेठांत पैसा खेळू लागतो. शेतकऱ्याच्या हाती रक्कम आली की आपल्या समाजबांधवांच्या कापड, किराणा आणि बी-बियाण्यांच्या दुकानांतील उधारीही वसूल होते. नोकरदारांना याच सुमारास कधी महागाई भत्त्याची थकबाकी मिळते. मग घरोघरी प्रश्न उभा राहतो की या शिलकेचे काय करावे? मुदत ठेव ठेवावी, सोने घ्यावे, की घराच्या कर्जात थोडी रक्कम जास्तीची भरावी? या तिसऱ्या पर्यायाचा हिशेब फार थोडे जण मांडतात. तो आज मांडू.

समजा, एखाद्या कुटुंबाने २५ लाख रुपयांचे गृहकर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता साधारण २१,६९६ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १७,७०८ रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल फिटते ते केवळ ३,९८८ रुपयांचे. पुढे मुद्दल जसजसे घटते तसतसे व्याज कमी होते. पण हा बदल इतका मंद असतो की हप्त्यातील मुद्दलाचा वाटा व्याजाहून अधिक व्हायला जवळजवळ १२ वर्षे लागतात. अर्धे कर्ज, म्हणजे साडेबारा लाख, फिटायला १३ वर्षे १० महिने लागतात. २० वर्षांत बँकेला एकूण ५२ लाखांहून अधिक रक्कम दिली जाते आणि त्यात व्याज सुमारे २७ लाख ७ हजार असते. म्हणजे व्याज मुद्दलाच्याही पुढे जाते. यात बँकेची लबाडी नाही. शिल्लक मुद्दलावर व्याज आकारण्याचा हा सरळ परिणाम आहे.

परंतु याच नियमात ऋणकोची सोयही दडलेली आहे. व्याज शिल्लक मुद्दलावर लागत असल्याने, हप्त्याखेरीज भरलेला प्रत्येक रुपया थेट मुद्दलातून वजा होतो आणि उरलेल्या सर्व वर्षांचे त्या रुपयावरील व्याज थांबते. वरील कुटुंबाने दरवर्षी बाराऐवजी तेरा हप्ते भरले, म्हणजे वर्षाअखेरीस एक हप्ता जास्तीचा दिला, तर कर्ज २० वर्षांऐवजी १६ वर्षे ९ महिन्यांत फिटते आणि सुमारे ५ लाख १४ हजार रुपयांचे व्याज वाचते. एखादे शिक्षक वयाच्या ४१व्या वर्षी हे कर्ज घेतात असे धरा. नेहमीच्या गतीने त्यांचा शेवटचा हप्ता ६१व्या वर्षी येईल, तर सेवानिवृत्ती ५८व्या वर्षी. शेवटची तीन वर्षे पगाराविना हप्ता भरावा लागेल. वर्षाला एकच तेरावा हप्ता भरला, तर निवृत्तीच्या आधीच घर ऋणमुक्त होते. व्यापाऱ्याला तर निवृत्तिवेतनच नसते. त्याने हा हिशेब अधिक काळजीने करावा.

रक्कम किती यापेक्षाही ती केव्हा भरली याला महत्त्व आहे. याच कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदाच १ लाख रुपये भरले, तर पुढील साधारण २१ हप्ते टळतात आणि निव्वळ व्याजाची बचत सुमारे ३ लाख ६५ हजार होते. तोच लाख पंधराव्या वर्षाअखेरीस भरला तर बचत सुमारे ५० हजार. ‘सध्या मुले लहान आहेत, पुढे बघू’ असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून पाहावेत.

धर्मतत्त्वांची व्यवहाराशी बरोबरी करू नये हे खरे. तरी केवळ समजुतीसाठी एक दृष्टांत देतो. कर्म आपल्या वेळी उदयास येऊन फळ देऊन झडते ती सविपाक निर्जरा. तपाच्या योगाने ते वेळेआधीच झडवले जाते ती अविपाक निर्जरा. बँकेने ठरवून दिलेला हप्ता पहिल्या प्रकारचा आहे. तो काळाच्या गतीने चालतो. स्वेच्छेने, थोडा संयम करून भरलेला जास्तीचा हप्ता दुसऱ्या प्रकारचा. आणि निर्जरेच्या आधी संवर हवा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याचा विचार पुढे करू.

जास्तीची रक्कम भरताना बँकेपुढे दोन मार्ग असतात. हप्ता कमी करणे, किंवा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करणे. उत्पन्न घटले असेल तर पहिला मार्ग योग्य. एरवी दुसराच घ्यावा, कारण खरी बचत तिथे आहे. शाखेत लेखी अर्ज द्यावा: ‘सदर रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता कायम ठेवावा व मुदत कमी करावी.’ त्यानंतर परतफेडीचे सुधारित वेळापत्रक मागून घ्यावे आणि शिल्लक मुद्दल खरोखर तेवढ्याने घटले आहे का, ते स्वतः ताडून पाहावे.

मुदतीवर लक्ष का ठेवायचे, हे २०२२-२३ने अनेकांना शिकवले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. बऱ्याच कर्जांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत निमूट लांबली. पावणेसात टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या २५ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे १९,००९ रुपये होतो. दर सव्वानऊ टक्के झाला की त्या मुद्दलावरचे महिन्याचे व्याजच १९,२७० रुपये. हप्ता वेळेवर भरूनही कर्ज घटण्याऐवजी वाढते! यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सूचना काढल्या. दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, की दोन्ही थोडे थोडे, हे ठरवण्याचा आणि मुदतीत केव्हाही अंशतः वा पूर्ण परतफेड करण्याचा पर्याय ऋणकोला दिला पाहिजे; आणि मुदतवाढीमुळे व्याजही न भागणारा हप्ता होता कामा नये, असे त्यात सांगितले आहे. दर खाली आल्यावरही हप्ता कमी करून घेण्याची घाई करू नये. हप्ता तोच राहिला तर मुदत आपोआप आखडते.

मुदतपूर्व परतफेडीवर दंड लागतो हा समज अजूनही आढळतो. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर असा आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच बँकांना मनाई केली आहे. स्थिर दराचे कर्ज, किंवा दुकान-गोदामासाठी घेतलेले कर्ज असेल, तर मात्र मंजुरीपत्रातील अटी आधी वाचाव्यात.

आता विवेकाच्या चार गोष्टी. पहिली, किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम हाताशी ठेवूनच उरलेली कर्जात घालावी. कर्जात गेलेला पैसा दवाखान्याच्या वेळी परत मिळत नाही. भरलेली जादा रक्कम गरजेला काढता येईल अशी ओव्हरड्राफ्ट पद्धतीची गृहकर्ज खाती काही बँकांत असतात, त्यांची चौकशी करावी. दुसरी, क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, सोनेतारण अशी अधिक व्याजाची देणी आधी फेडावीत. तिसरी, ज्यांची शेती आहे त्यांनी पीककर्ज मुदतीत भरण्याला प्रथम स्थान द्यावे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला व्याजाचा भार पडत नाही. घराचे कर्ज लवकर फेडण्याच्या भरात ही सवलत घालवणे शहाणपणाचे नाही. चौथी, प्राप्तिकराची. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरील २ लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही. २० टक्के करपट्टीतील माणूस २० पैसे कर वाचवण्यासाठी व्याजाचा रुपया देत राहिला, तर ८० पैसे खिशातून गेलेलेच असतात. आणि मुदत ठेवीवर कर्जाच्या दरापेक्षा कमी व्याज घ्यायचे, त्यावरही कर भरायचा, यात लाभ कोणता?

आता संवर. कर्ज थोडे फिटले, घराची किंमत वाढली, की बँका त्याच घरावर वाढीव कर्ज देऊ करतात. विवाहसमारंभ, मोटार किंवा सहलीसाठी ते घेतले जाते आणि दहा वर्षांची परतफेड एका सहीने पुसली जाते. परिग्रहाचे परिमाण सांगताना आपल्या शास्त्राने क्षेत्र आणि वास्तू यांचाही समावेश केला आहे. घर किती मोठे आणि त्यावर भार किती, याची मर्यादा श्रावकाने स्वतःच आखायची असते. समारंभात चार पदार्थ कमी झाले तर कोणी नाव ठेवील, पण तो बोल एक दिवसाचा; हप्ता १५ वर्षांचा. प्रतिष्ठेसाठी राहते घर पुन्हा गहाण टाकू नये, ही माझी समाजातील तरुण दांपत्यांना आग्रहाची विनंती आहे.

कर्ज पूर्ण फिटल्यावर काम संपत नाही. बँकेकडून बेबाकी प्रमाणपत्र आणि मूळ दस्तऐवज मोजून ताब्यात घ्यावेत. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला भार काढणे बँकेवर बंधनकारक आहे. तिच्याकडून विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. प्लॉटच्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ रकान्यात बँकेचा बोजा चढलेला असेल, तर तो कमी झाल्याचा नवा उतारा काढून ठेवावा. हे सर्व कागद कोठे ठेवले आहेत ते पत्नीला आणि मुलांना माहीत असावे.

दिवाळीत वहीपूजन करून आपण नवे वर्ष सुरू करतो. त्या वहीच्या पहिल्या पानावर घराच्या कर्जाची शिल्लक लिहावी आणि वर्षभरात एक तेरावा हप्ता भरण्याचा नियम घ्यावा. पुढच्या दिवाळीला तोच आकडा पुन्हा लिहून पाहावा.